पार्टनरचं वेगळं ताट

अमरावतीच्या वसतिगृहात मी मेसचा सेक्रेटरी झालो, तो काही निवडून येऊन नव्हे. आधीचा सेक्रेटरी मेसच्या महाराजाशी, म्हणजे स्वयंपाक्याशी, भाजीतल्या तेलावरून भांडला आणि भर महिन्यात राजीनामा देऊन मोकळा झाला. मग रेक्टरसाहेब खोली नंबर एकपासून विचारत निघाले. माझी खोली चौथी. पहिल्या तीन खोल्यांतल्या पोरांना नकार द्यायला कारणं सुचली, मला सुचलं नाही. पण एकदा पद गळ्यात पडल्यावर मात्र मी जन्मजात सेक्रेटरी असल्यासारखा वागायला लागलो. अठरा पोरांचं जेवण, आंघोळीचं पाणी आणि धोब्याचं गाठोडं माझ्या अखत्यारीत आलं. शिवाय मी बी.एस्सी.चा, विषय जीवशास्त्र. बेडूक चिरलेला माणूस म्हणून आर्ट्स-कॉमर्सची पोरं मला अर्धा डॉक्टर समजत. मीही ती समजूत कधी दूर केली नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझे वडील अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते, म्हणजे मी शहरातला. माझा रूम पार्टनर नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातला, उंच, किडकिडीत आणि बोलायला महाकंजूष. त्यांच्या घरात मॅट्रिक झालेला तो पहिला. घर एका खणाचं, दिव्याला घासलेट असेल तर उजेड. परीक्षेचा अभ्यास करायचा तर या वसतिगृहातच, नाहीतर करायचाच नाही, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं होतं. त्यानंतर बरेच दिवस त्यानं दुसरं काही सांगितलं नाही. आमचं मात्र चांगलं जमलं. तो माझ्यासाठी पहाटे नळावर बादली लावून ठेवायचा आणि मी त्याच्या आईनं पाठवलेली जवसाची चटणी संपवायचो.

आता मूळ विषय. तो विषय त्या काळी कोणी तोंडानं उच्चारत नसे, पण अठरा पोरं दुसऱ्या कशावर बोलतही नसत. गुप्तरोग. आमचं यासंबंधीचं सगळं शिक्षण भिंतींवर झालं होतं. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत जितक्या म्हणून भिंती होत्या, त्यांच्यावर निळ्या अक्षरांत कोणी ना कोणी हकीम तरुणांना निराश न होण्याचा सल्ला देत उभा होता. आम्ही निराश नव्हतो. पण रोज वाचून वाचून होत चाललो होतो. कॉलेजच्या लायब्ररीत आरोग्यावर एक जाडजूड पुस्तक होतं, त्यातली नेमकी ती पानं आमच्या आधीच्या एका बॅचनं फाडून नेली होती. त्यामुळे आम्हाला हिवताप तोंडपाठ होता, आणि पुढचं सगळं अंदाजानं.

अंदाजही काय एकेक! कोणी म्हणे, एकाच टमरेलानं होतं. कोणी म्हणे, एस.टी.त बाई उठलेल्या जागेवर लगेच बसलं की होतं, सीट थंड होऊ द्यावी. वरुडचा एक पोरगा होता, संत्र्याच्या बागायतदाराचा, आमच्यात सगळ्यांत धष्टपुष्ट. तो छातीवर हात ठेवून सांगायचा की हा रोग नुसत्या वाईट विचारानंही होतो. हे ऐकल्यावर चार दिवस सगळं वसतिगृह गंभीर चेहऱ्यानं फिरत होतं. मग माझ्याकडे बघून कोणीतरी विचारायचं, ‘‘तू सांग बे, तू त सायन्सचा.’’ मी चष्मा पुसायचो आणि म्हणायचो, ‘‘संसर्ग हा अनेक मार्गांनी होऊ शकतो.’’ हे वाक्य कुठेही चालायचं.

पार्टनरला खाज सुटली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. सुट्टी संपवून येताना तो एक दिवस अकोल्याला बहिणीकडे राहून आला होता, तिथून दोन नवे सदरे आणि दोन नवे पायजमे घेऊन. गावी त्याचे कपडे आई नाल्यावर धूत असे, इथे तो स्वतःच नळावर धुवायचा. आता नवे कपडे म्हणून त्यानं पहिल्यांदाच ते धोब्याच्या गाठोड्यात टाकले. आठ-दहा दिवसांत मानेवर लाल चट्टे आले. मग बेंबीखाली आले. एके दिवशी आंघोळीच्या वेळी वरुडवाल्यानं ते पाहिले, आणि साबण तिथेच टाकून तो माझ्या खोलीत आला.

‘‘सेक्रेटरी, तुह्या पार्टनरले ते झालं हाये.’’

‘‘ते म्हणजे?’’

‘‘ते म्हंजे तेच. अन् अकोल्याले जाऊन आला होता ना तो?’’

मला आधी राग आला तो अकोल्याच्या बदनामीचा. आमच्या गावात जिनिंग आहे, तेलाच्या गिरण्या आहेत, उन्हाळा आहे. ती वस्तू काही चौकाचौकात मिळत नाही, असं मी त्याला सुनावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. बेंबीखाली! बेडकाच्या बाबतीत हा भाग आम्ही घाईघाईनं उरकला होता.

त्याला सरळ विचारायचं मला सुचलं नाही, असं नाही. चार वेळा तोंड उघडलं. एकदा तर ‘‘तुला काही होतंय का?’’ इथपर्यंत पोचलो. तो म्हणाला, ‘‘खाजवते.’’ पुढे विचारायला माझी जीभ रेटेना. अशा गोष्टी भल्या घरच्या पोरानं बोलायच्या नसतात. करायच्या काय असतात? उपाययोजना. ती मी सुरू केली.

पहिलं, त्याचं ताट, वाटी आणि पेला वेगळा केला. ताटाच्या पाठीवर खुणेसाठी तांबड्या रंगाचा ठिपका दिला. दुसरं, पंगतीत त्याची जागा दाराजवळ, शेवटी. तिसरं, बादली वेगळी. मग मला वाटलं, खरा धोका कपड्यांत आहे. आमचे सगळ्यांचे कपडे एका वरठिणीकडे, म्हणजे धोबिणीकडे, जायचे. तिला अक्षर येत नव्हतं, पण अठरा पोरांची अठरा निशाणं तिला पाठ होती. बिब्ब्यात सुई टोचून निघालेल्या तेलानं ती कॉलरच्या आत आणि पायजम्याच्या नेफ्यावर काळं निशाण करायची. कापड फाटेल पण निशाण जाणार नाही. पार्टनरचं निशाण होतं तीन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की याचे कपडे वेगळे भिजव, वेगळे वाळव, आणि चुकून दुसऱ्यांत मिसळू नयेत म्हणून निशाण चांगलं ठळक कर. लांबून दिसलं पाहिजे.

‘‘काहून वो बाबू? येका त्याचंच निशान मोठं काहून करू?’’ तिनं विचारलं.

‘‘वसतिगृहाचा नियम आहे.’’

‘‘मंग समद्यांचंच मोठं करून देतो ना.’’

‘‘नको, नको! त्याचंच.’’

पण सेक्रेटरीशी कोण वाद घालणार? पुढच्या खेपेला त्याच्या कॉलरीत बोराएवढे तीन ठिपके आले आणि नेफ्यावर बोटभर जाड रेघ.

आणि त्याचा रोग वाढला. मानेवर फोड आले, पाणी यायला लागलं. बेंबीखाली तर त्याला पायजम्याचा नाडा बांधवेना, तो एका हातानं धरून चालायचा. माझी खात्री पटली. इतके कडक उपाय करूनही जो रोग हटत नाही, तो साधा असेल का? मी वरठिणीला निशाण आणखी मोठं करायला सांगितलं.

एवढ्यात वरुडवाल्याच्या पुढारपणाखाली सहा पोरं रेक्टरसाहेबांकडे गेली. रेक्टरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते संस्कृतचे प्राध्यापक. या विषयावर बोलायचं तर त्यांना संस्कृतसुद्धा अपुरं पडलं. छताकडे बघत ते म्हणाले, ‘‘इतरांच्या काही तक्रारी आहेत. कसल्या, ते तुम्ही जाणताच. ही सर्व चांगल्या घरची मुलं आहेत. आठ दिवसांत सरकारी डॉक्टरांची चिठ्ठी आणा, अन्यथा खोली रिकामी करा. सेक्रेटरी साक्षीला जातील.’’

परीक्षा दोन महिन्यांवर होती. खोलीवर आल्यावर पार्टनरनं ट्रंक उघडली आणि पुस्तकं एकावर एक लावायला घेतली. मी म्हणालो, ‘‘अरे, आधी चिठ्ठी तर आणू.’’ तो म्हणाला, ‘‘चिठ्ठीनं काय होते?’’ आणि लावतच राहिला. मला त्याची कीव आली. बिचाऱ्याला आपला रोग माहीत आहे, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे व्हरांड्याच्या टोकाला पाटी होती, ‘चर्मरोग व गुप्तरोग’. तिच्याखाली बाकावर रांग. मी दुपट्टा नाकापर्यंत ओढून घेतला आणि खांबाकडे तोंड करून बसलो. बाकावरचे सगळेच खांबाकडे, भिंतीकडे नाहीतर आपल्या चपलांकडे बघत होते. पार्टनर तेवढा एकटा निवांत बसून पाटी वाचत होता. माझ्या शेजारच्या गृहस्थानंही मफलर नाकापर्यंत ओढला होता. दोन-चार मिनिटांनी आम्ही एकाच वेळी मान वळवली. ते आमच्या कॉलेजातले मराठीचे सर होते.

‘‘दाताला आलो होतो,’’ सर म्हणाले.

‘‘दाताची खिडकी पलीकडे आहे, सर,’’ मी मदत करायला गेलो.

‘‘हो का? बरं,’’ म्हणून ते उठले आणि खरंच दाताच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांना नायटा असेल, खरूज असेल, देव जाणे. पण त्या वर्षी मी त्यांच्या तासाला पुन्हा पहिल्या बाकावर बसलो नाही. जे मी पार्टनरचं केलं, तेच सरांचंही केलं, फक्त त्यांच्यासाठी वेगळं ताट नव्हतं.

डॉक्टर नागपूरकडचे होते, पन्नाशीचे, पाच मिनिटांत माणूस ओळखणारे. त्यांनी आधी मलाच विचारलं, ‘‘तुम्हाला काय होतंय?’’

‘‘मला काही नाही. मी साक्षीदार आहे.’’

‘‘गुप्तरोगाला साक्षीदार?’’ ते म्हणाले. कंपाउंडर तोंड फिरवून हसला.

मी दुपट्टा खाली घेतला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. की आमच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना अशी शंका आहे, की सदर विद्यार्थ्यास, म्हणजे त्याचा अकोल्याला प्रवास झाल्यानंतर, जो आजार समाजात उघडपणे... त्याचं रक्त तपासून मिळावं.

पार्टनर सदरा काढता काढता थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, पण का, ते कळलं नाही.

डॉक्टरांनी त्याला पाठमोरं उभं केलं. मानेकडे बघितलं, मग त्याच्या हातातला सदरा घेतला, कॉलर उलटी केली आणि ती मानेशी धरून मला जवळ बोलावलं. ‘‘या, साक्षीदार. बघा.’’

कॉलरीत तीन ठिपके आणि एक आडवी रेघ. मानेवर तीन चट्टे आणि एक आडवा चट्टा. रबरी शिक्का उमटावा तितकं बरोब्बर. मग त्यांनी पायजम्याचा नेफा दाखवला. तिथेही तेच.

‘‘बिब्बा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘काहींच्या अंगाला सोसत नाही. रक्त कोणाचं तपासू, याचं की धोब्याचं? पण मला हे सांगा, एवढं मोठं निशाण कोण करतं हो? मी आयुष्यात पाहिलं नाही.’’

मी चष्मा पुसायला घेतला. संसर्ग अनेक मार्गांनी होऊ शकतो, हे वाक्य त्या खोलीत मला वापरता येईना. शेवटी सांगितलं, की मी मेसचा सेक्रेटरी, मीच करायला सांगितलं. वेगळं राहावं म्हणून. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, की यास कुठलाही संसर्गजन्य रोग नाही. एक गुलाबी पातळ औषध दिलं. आणि दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, ‘‘आणि सेक्रेटरी, याची आणखी काळजी घेऊ नका.’’

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर पार्टनर हसायला लागला. सहा महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. एका हातात पायजम्याचा नाडा, दुसऱ्यात औषधाची बाटली, आणि तो पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतोय. मला वाटलं, सुटल्याचा आनंद असेल. मी माफी मागितली. खरंच मागितली, आणि नीट मागितली.

‘‘म्हंजे तुमी माह्यं ताट येगळं केलं, ते या रोगापायी?’’

‘‘मग कशापायी?’’

‘‘मले वाटलं, तुमाले माही जात समजली.’’

त्याचं आडनाव आमच्या वऱ्हाडात गावात आणि गावकुसाबाहेर, दोन्हीकडे चालणारं होतं. आम्ही त्याला शेतकऱ्याचा समजून चाललो होतो. ऑफिसातल्या कागदांवर सगळं असणारच, पण कागद कोण वाचतं?

‘‘आमी बौद्ध आहो,’’ तो म्हणाला. ‘‘छप्पन सालापासून. त्याच्या आंधी काय होतो, ते तुले समजलंच असंन. ताट येगळं झालं तवा म्या म्हनलं, झालं, कोनीतरी गावाकडचा भेटला यायले. मंग बादली येगळी झाली, जागा दारापाशी गेली. इचारायचं काय त्यात? रेक्टरसायब म्हनले, चांगल्या घरची पोरं हायेत. म्या समजलो, खरजेचं निमित्त हाये, काढून टाकतेत. अन् तू त बे, गर्मीचा रोग घेऊन बसला!’’ आणि तो पुन्हा हसायला लागला.

माझी त्या वेळची अवस्था मी सांगतो, कारण बाकी सगळं सांगितलं आणि हे लपवलं तर या आठवणी लिहिण्यात अर्थ नाही. आधी मला लाज वाटली. पण लाजेच्या मागोमाग मला जवसाची चटणी आठवली. सहा महिने मी ती बोटानं चाटून खाल्ली होती, आणि दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून मी आता पोटात काही होतंय का, याचा अंदाज घेत होतो. काही होत नव्हतं. आमच्या अकोल्याच्या घरी बाहेरच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. तो कोणासाठी आहे ते आम्हा भावंडांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्वतःला फार सुधारलेला समजत होतो. बी.एस्सी.!

‘‘मी कोणाला सांगणार नाही,’’ मी म्हणालो. हे म्हणताना मला आपण मोठं औदार्य दाखवतोय असंच वाटत होतं.

‘‘सांग ना,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘सांगून दे सगळ्यायले. नाई त पुढच्या खेपी ताट येगळं झालं, त मले कसं समजीन काहून झालं ते? येका खाजेपायी दोन महिने मनातल्या मनात ट्रंक भरत बसलो मी.’’

त्या संध्याकाळी मेसमध्ये पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. पंगत बसली की सेक्रेटरीनं सूचना वाचायच्या आणि मग महाराजानं वाढायला घ्यायचं, असा आमचा रिवाज होता. मी उभा राहिलो. पहिली सूचना म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, बिब्ब्याची सगळी हकिकत सांगितली, निशाण मोठं करायला कोणी सांगितलं तेही सांगितलं. पोरांनी हसून हसून मेस डोक्यावर घेतली. आठवडाभर माझं नाव ‘बिब्बा’ पडणार हे तिथेच नक्की झालं. वरुडवाला स्वतः उठला, दाराजवळचं ते तांबड्या ठिपक्याचं ताट त्यानं उचललं आणि माझ्या शेजारी आणून ठेवलं. पार्टनर येऊन बसला आणि माझ्याकडे बघायला लागला.

‘‘दुसरी सूचना,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणजे सूचना नाही. माहिती.’’ आणि मी ती सांगितली. एका दमात, खाली बघून, आणि जरुरीपेक्षा फार हळू आवाजात, त्यामुळे मागच्या पोरांनी ‘काय म्हनला बे?’ असं विचारलं आणि मला ती पुन्हा सांगावी लागली.

महाराज पळी हातात घेऊन उभाच राहिला. मग भिंतीकडचे दोघं ताट घेऊन उठले आणि व्हरांड्यात गेले. त्यांच्यामागून एक तिसरा गेला. वरुडवाला अर्धा उठला. तेवढ्यात त्याच्या ताटात महाराजानं पातोडीचा रस्सा वाढला. तो ताटाकडे बघत तसाच अर्धवट उभा राहिला, आणि खाली बसला. बाकीची पोरं एकमेकांकडे बघत हळूहळू जेवायला लागली.

मी पहिल्याच भाकरीचे तुकडे करत बसलो होतो. पार्टनर मात्र दुसरी भाकर मोडून रश्श्यात चुरत होता. दाराकडे एकदा नजर टाकून तो माझ्या कानाशी वाकला.

‘‘तीनच उठले बे,’’ तो म्हणाला. ‘‘म्या त सात धरले होते.’’

त्या सातांत त्यानं मला धरलं होतं की नाही, हे मी त्याला कधीच विचारलं नाही.